घराची गृहीतकं

तिला शेजारीपाजारी पुरावाबाई म्हणायचे आणि त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. दूध ताजं आहे असं दुकानदार म्हणाला की ही विचारायची, कशावरून? वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा ओरड केली की तुमच्या नळामुळे आमचं पाणी जातं. ही कागद-पेन्सिल घेऊन जिन्यात बसली आणि आपला नळ निर्दोष आहे हे सिद्ध करूनच उठली. बाईंचं पाणी अजूनही जातं, पण आता त्या कुणाला बोल लावत नाहीत. नवरा दातांचा डॉक्टर, दवाखाना त्याच इमारतीत तळमजल्यावर. तो आल्यागेल्याला सांगायचा, "लग्न ठरताना बाकीच्या मुली पगार विचारतात. हिने विचारलं, तुमचे दात तुमचेच आहेत का."

"मग? जन्मभर मलाच बघायचे होते," ती म्हणायची.

घरात आणखी दोघं होते. एक तिचे वडील. घड्याळं दुरुस्त करण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले, पण हात शिवशिवतात म्हणून घरातली चांगली चालणारी घड्याळंही उघडून बसणारे. दुसरा तिचा धाकटा भाऊ, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. मागच्या खोलीत त्याचा सराव चालायचा. एकच ओळ तो इतक्यांदा घोळवायचा की बाबा म्हणायचे, "अरे, या तुकड्याला किल्ली तरी किती दिलीयस?"

तर अशा या घरातून ती रोज सकाळी एका लांबट दालनात कामाला जायची. तिथे कुणी काही बनवत नव्हतं, विकत नव्हतं. तिथे एक यंत्र गणितातली नवी प्रमेयं शोधत बसलेलं असायचं. खरं तर यंत्रं दोन होती. पहिलं म्हणजे हजारो सिद्धता वाचून वाचून तयार झालेलं एक अवाढव्य जाळं. त्याला दिवसभर काही ना काही सुचत असायचं: हे खरं असावं, ते खरं असावं, आणि ते असं असं सिद्ध होईल. त्यातलं निम्मं खोटं निघायचं. त्याला सगळे मावशी म्हणायचे. दुसरा एक छोटा, जुना, रुक्ष प्रोग्राम. तो मावशीच्या सिद्धतेची एकेक पायरी तपासायचा. पटली तर पडद्यावर हिरवी खूण, नाही पटली तर लाल. त्याला काही सुचत नसे आणि कुणाची भीडही नसे. त्याचं नाव अर्थातच सासू.

मावशी चुकायची. सासू कधीच चुकायची नाही. सगळ्या दालनाचं पोट या एका विश्वासावर चाललं होतं.

मावशीला मोठ्या गणितात सोडायच्या आधी तिची चाचणी घ्यायची रीत होती. प्रत्येकाने तिला एक छोटंसं जग द्यायचं, स्वतःला तळहातासारखं माहीत असलेलं. म्हणजे तिने काही वेडंवाकडं सिद्ध केलं तर ते चटकन डोळ्यात भरेल. जग द्यायचं म्हणजे त्यातल्या खऱ्या गोष्टी ओळीने लिहून द्यायच्या. ती गृहीतकं. त्यांच्यावरून पुढचं सगळं मावशीने काढायचं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पत्त्यांचा कॅट दिला, तेव्हापासून तो पत्तेवाला झाला. कुणी बुद्धिबळ दिलं, कुणी बसचं वेळापत्रक. पुरावाबाईने आपलं घर दिलं.

सवयीप्रमाणे आधी संख्या, मग नावनिशी. घरात चार माणसं राहतात. बाबा या घरात राहतात. नवरा राहतो. भाऊ राहतो. मी राहते. जो या घरात राहतो त्याच्याकडे किल्ली असते. मग खोल्या, दारं, कुठून कुठे जाता येतं, स्वयंपाकघराला मागच्या गल्लीकडे खिडकी आहे, मागच्या खोलीत ट्रम्पेट आहे. एकूण एक ओळ खरी. पत्तेवाल्याने वाकून वाचलं आणि म्हणाला, "नवरा राहतो, हे सिद्ध करता येईल का बघा. आमच्याकडे बायकोला शंका असते."

पहिले काही दिवस मजेत गेले. मावशी घराबद्दल बारीकसारीक प्रमेयं काढायची. किल्ली विसरलेल्या माणसाला, बाकी कुणी घरात नसेल तर, आत येता येत नाही. हिरवं. बाबांच्या खोलीतून ट्रम्पेट ऐकू येतं पण दिसत नाही. हिरवं. संध्याकाळी ती हे घरी वाचून दाखवायची आणि बाबा म्हणायचे, "एवढ्या मोठ्या यंत्राला हे कळायला इतका वेळ? मला तर भिंतीतूनच कळतं."

मग एका सकाळी मावशीने विसंगती काढली.

विसंगती म्हणजे त्या धंद्यातली सगळ्यात वाईट बातमी. त्याच त्या गृहीतकांवरून एक गोष्ट आहे असंही सिद्ध होतं आणि नाही असंही. आणि एकदा तसं झालं की मग काहीही सिद्ध होतं, चंद्र चौकोनी आहे हेसुद्धा. त्यावरचा उपाय ठरलेला. गृहीतकांतली एकेक ओळ काढून बघायची. जी काढल्यावर विसंगती जाते ती ओळ दोषी. ती वजा करायची आणि पुढे जायचं. मावशीने स्वतःच बोट दाखवलं होतं: स्वयंपाकघराला मागच्या गल्लीकडे खिडकी आहे.

"पण आहे ना खिडकी," ती म्हणाली. "आज सकाळी मी तिथे उभी राहून चहा प्यायले."

"मग टायपिंगमध्ये काहीतरी गेलं असेल," पत्तेवाला म्हणाला. "काढा आणि मोकळ्या व्हा."

तिने ओळ काढली. हिरवं.

दुपारी ती घरी आली तर स्वयंपाकघरात दिवा जळत होता. भर दुपारी दिवा कशाला म्हणून ती बंद करायला गेली आणि बटणावरच तिचा हात थांबला. खिडकीच्या जागी भिंत होती. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर डबे, आणि डब्यांच्या मागे वर्षानुवर्षांचा तेलकट थर.

"खिडकी कुठे गेली?"

नवरा टॉवेलला हात पुसत होता. "कुठली?"

"इथली."

"या घरात पाऊल टाकल्यापासून तू या अंधाराला शिव्या देतेस," तो म्हणाला. "आणि आज खिडकी शोधतेस?"

ती खाली उतरून मागच्या गल्लीत गेली आणि मान वर करून बघत उभी राहिली. इमारतीची ती बाजू सपाट होती. गच्चीपासून शेवाळाचा एक काळपट ओघळ खालपर्यंत आला होता, जिथे खिडकी होती त्या जागेवरूनच, न तुटता.

तिची झोप उडाली. पण पुरावाबाई ती, असल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवणारी नव्हे. दमलेलं डोकं माणसाला काय वाटेल ते दाखवतं, असं तिने स्वतःला बजावलं. विश्वास ठेवायचाच तर दुसऱ्यांदा घडल्यावर ठेवू. आणि दुसऱ्यांदा घडायला फार वाट बघावी लागली नाही. पुढच्याच सकाळी पुन्हा विसंगती, पुन्हा मावशीचं बोट. मागच्या खोलीत ट्रम्पेट आहे.

तिने ओळ काढली. थोडी रीत म्हणून आणि थोडं, खरं सांगायचं तर, काय होतं ते बघावं म्हणून. ही एक गोष्ट तिने पुढे कुणाला सांगितली नाही.

त्या दिवशी जिना चढताना घर आधी ऐकू आलं नाही. एरवी दुसऱ्या वळणावरच तो तुकडा कानावर पडायचा. भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसला होता, शर्टाची वरची गुंडी लावलेली, समोर कसल्याशा विम्याचे कागद.

"सराव नाही आज?"

"कसला?"

"ट्रम्पेटचा."

तो हसला. "ताई, मला धड शीळ वाजवता येत नाही. बाबा, ऐकलंत का, ही म्हणते मी ट्रम्पेट वाजवतो."

"त्याने वाजवावं आणि मी ऐकावं, एवढं माझं नशीब कुठलं," बाबा घड्याळातून मान न काढता म्हणाले. "या घरात सगळा आवाज तो काय तो काट्यांचा."

भाऊ पुन्हा कागदांकडे वळला. वाचता वाचता त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं टेबलावर, वाद्याच्या कळा दाबाव्यात तशी, दाबली जात होती. पहिलं, पहिलं आणि तिसरं, मग मधलं. पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने.

"हे काय करतोयस?"

त्याने बोटांकडे पाहिलं, जणू ती कुणीतरी टेबलावर विसरून गेलं होतं. मग हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी ती दालन उघडायच्या आधी दारात हजर. ट्रम्पेटची ओळ तिने जशीच्या तशी परत लिहिली. लाल. खिडकीची लिहिली. लाल. मध्यंतरी मावशी गप्प बसली नव्हती. या घरात वाद्य नाही, हे तिने सिद्ध करून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात दिवसा दिवा लागतो, हेही. त्यावर आणखी दहा-वीस प्रमेयं चढली होती आणि सासूने प्रत्येकाला हिरवी खूण दिली होती. जाण्याचा रस्ता होता, येण्याचा नव्हता.

आणि खाली, सगळ्यांच्या शेवटी, तिसरी विसंगती तिची वाट बघत होती.

या वेळी मावशीने एका ओळीवर बोट ठेवलं नव्हतं. चार ओळी दिल्या होत्या. यांतली कोणतीही एक काढा.

बाबा या घरात राहतात. नवरा या घरात राहतो. भाऊ या घरात राहतो. मी या घरात राहते.

ती खुर्चीत बसली, उठली, पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली आणि पाणी न पिताच परत आली.

"अहो, बसा जरा," पत्तेवाला म्हणाला. "तुमच्या येरझाऱ्यांनी मला गरगरायला लागलंय. काय झालं?"

"विसंगती आहे."

"मग असू दे. आज तसंही सगळं आवरायचंच आहे. साहेबांचा निरोप वाचला नाहीत? जेवणाच्या सुट्टीआधी ज्यांची जगं सुसंगत असतील ती मोहोरबंद करून ठेवणार. बाकीची पुसून टाकणार. तुमचं पुसतील, एवढंच. उद्या दुसरं द्या. फ्रिज द्या."

"पुसतील म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या ओळी काढून टाकतील. हवं तर आत्ताच टाकतो, एक बटण..."

"हात लावू नकोस."

आवाज असा निघाला की चार टेबलांवरची डोकी वर आली. पत्तेवाल्याने हात मागे घेतला. आजवर तिने त्याला अहो-जाहोच केलं होतं.

तिने घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, घरात आहात ना?"

"नाही, चंद्रावर आहे. फोन घरात लागला ना तुझा?"

"दार बंद आहे का?"

बाबांनी दाराकडे वळून पाहिलं असावं. "बंद आहे," ते म्हणाले. मग, आवाज उतरवून, "म्हणजे मी आत्ता लावलं ते. तरी उघडं आहे. सकाळपासून असंच चाललंय. लावून मागे वळलो की उघडं, उघडं बघून जवळ गेलो की लावलेलं. बिजागरी तपासली. बिजागरीत काही नाही. तू कधी येतेस?"

"येते. जेवून घ्या."

"ते दोघं येतील आता जेवायला. तू आलीस तर चौघं बसू."

तिने फोन ठेवला आणि विचार करायला लागली. विचार करणं तिला येत होतं, दुसरं काही येत नव्हतं. तिघांपैकी एकालाही हात लावायचा नाही, एवढं नक्की. ओळ काढली म्हणजे नेमकं काय जातं? ट्रम्पेट गेलं, भाऊ राहिला. खिडकी गेली, गल्ली राहिली. म्हणजे ओळीत जेवढं लिहिलंय तेवढंच जातं. मी आहे, असं कुठे लिहिलेलंच नाही. मी या घरात राहते, एवढंच लिहिलंय. ते गेलं तर मी दुसरीकडे कुठेतरी राहीन. दार ठोठावीन, बसेन, हळूहळू सगळं समजावून सांगेन. घर सुटेल, माणसं शाबूत राहतील. ती मनात दोनदा सगळ्या पायऱ्या चढली आणि उतरली. कुठेच फट दिसली नाही.

साहेब दालनाच्या टोकाकडून एकेक टेबल उरकत येत होते.

तिने ओळ काढली.

हिरवं. साहेब आले, पडदा पाहिला, "वा, सुसंगत," म्हणाले आणि घर मोहोरबंद करून पुढे गेले. आता त्यात कुणालाच काही घालता येणार नव्हतं, काढताही येणार नव्हतं. बाबांचं दार आता लावलं की लागलेलं राहत असेल. तिने कपाळ पुसलं.

मोहोरबंद जगात लिहिता येत नाही, पण विचार करायला मावशीला कुणाची बंदी नव्हती. पडद्यावर एक नवी ओळ उमटली. मावशीचं आजवरचं सगळ्यात सोपं प्रमेय. लहान मुलालाही समजेल असं.

या घरात चार माणसं राहतात. त्यांपैकी एक बाबा, एक नवरा, एक भाऊ. म्हणून या घरात आणखी एक आहे.

सासूने ते वाचलं आणि हिरवी खूण दिली.

पुरावाबाई तो पडदा बघत राहिली. स्वतःला वजा करताना संख्या बदलायची राहिली होती. आणखी एक आहे. कोण, ते नाही. कसं, ते नाही. बाई की पुरुष, म्हातारं की तान्हं, काहीच नाही. त्याच्याबद्दल या जगात एकच गोष्ट ठरलेली होती. ते तिथे राहतं. आणि तिथे राहतं म्हणजे किल्लीही आहे.

तिने पर्स उलटी केली. चष्म्याचं घर, रुमाल, पेन्सिल. किल्ली नव्हती.

रस्ता रोजचाच होता, ऊन रोजचंच. दोनदा ती पळाली आणि दोनदा, लोक बघतात म्हणून, चालली. तळमजल्यावरच्या दवाखान्याला कुलूप होतं. म्हणजे डॉक्टर वर जेवायला गेलेले. जिन्यात वरच्या बाई भेटल्या. त्या अंग चोरून बाजूला झाल्या, अनोळखी माणसाला वाट देतात तशा.

तिने घंटा वाजवली.

नवऱ्याने दार उघडलं. हातात घास, चेहऱ्यावर ते पेशंटसाठी राखून ठेवलेलं हसू.

"दवाखाना तीनला उघडेल," तो म्हणाला. "फार दुखतंय का?"

ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती. टेबलाच्या पलीकडे बाबा, शेजारी भाऊ. अलीकडच्या खुर्चीवर, दाराकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. पाठ होती, एवढं सांगता येत होतं. रुंद की अरुंद, वाकलेली की ताठ, ते बघायला गेलं की नजर निसटत होती. बाबा त्याच्या ताटात वाढत होते.

"ते कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? आमच्या घरातलं माणूस."

"नाव काय?"

"नाव..." त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मान मागे वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांचा वाढायचा हात मध्येच थांबला. भावाने कागदावरून डोळे वर केले. तिघंही थोडा वेळ तसेच राहिले, कुठली तरी अगदी साधी गोष्ट आठवत नसल्यासारखे. मग बाबांनी हात पुढे नेऊन वाढलं.

"तुम्हाला काय करायचंय?" नवरा म्हणाला, पण रागाने नव्हे.

तिला वाटलं, एखादी तरी खूण सापडली तर पुढचं पकडता येईल.

"ते जेवतं कुठल्या हाताने? डाव्या?"

टेबलावरचा चमचा थांबला. उजवीकडून डावीकडे गेला. मग सवयीने, जणू जन्मापासून तसाच, वर उचलला गेला.

तिच्या डाव्या हातातून पर्स निसटून पायाशी पडली. ती उचलायला तिने तोच हात खाली नेला. बोटं पट्ट्यावरून नुसतीच सरकली. आयुष्यभर याच हाताने तिने सिद्धता लिहिल्या होत्या. पर्स तिने उजव्या हाताने उचलली.

मग तिने तोंड घट्ट मिटलं. विचारायचं खूप होतं. प्रत्येक प्रश्नात आपण काहीतरी धरून चालतो, आणि समोर जे बसलं होतं त्याला नेमकं तेच हवं होतं. त्या पाठीवरची मान थोडी तिरपी झाली होती. ते पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतं.

"बरं, तीनला या," नवरा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने तिच्या तोंडाकडे धंद्याची एक नजर टाकली. दार लागलं. नीट लागलं. परत उघडलं नाही.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. आतून आवाज आला. बाईचा नव्हे, पुरुषाचा नव्हे, जवळचाही नव्हे.

"कोण होतं?"

"काही नाही, एक पेशंट," नवरा म्हणाला. खुर्ची सरकली, तो परत जेवायला बसला. "गंमत म्हणजे, दात अगदी तुझ्यासारखे."

आत कुणीतरी हसलं. मोकळं, तोंड भरून.

ती कठड्याला धरून खाली उतरायला लागली. तिने दातांवरून जीभ फिरवली. जीभ या गालापासून त्या गालापर्यंत गेली. वाटेत तिला काही लागलं नाही.